सोडलेल्या सळया

शिरोलीच्या फाउंड्रीतला पोरगा कॉम्प्युटरचा डबा मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून माझ्या शाहूपुरीतल्या दुकानापर्यंत आला. डबा टेबलावर टेकवला आणि घाम पुसत म्हणाला, “ताई, आण्णांचा निरोप हाय. काय बी करा, पण हेच चालू करा. नवीन घ्या म्हणू नका.”

मी झाकण काढलं. आत ४८६ जातीचा मदरबोर्ड. त्याच्या कोपऱ्यातली निळी, पिंपाच्या आकाराची बॅटरी फुटली होती आणि तिचा हिरवट क्षार आजूबाजूच्या तांब्याच्या रेषांवर पसरला होता. त्या काळच्या बोर्डांचा हा ठरलेला आजार. घड्याळ चालू राहावं म्हणून बसवलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी वर्षानुवर्षांनी गळायला लागते आणि खालच्या रेषा खाऊन टाकते. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तसा बोर्ड कळकतो. इथे तर रेषा थरांच्या आतपर्यंत खाल्ल्या गेल्या होत्या. बोर्ड संपला होता. पण त्यात खोचलेलं एक लांबलचक कार्ड मात्र धडधाकट होतं, आणि आण्णांना हवं होतं ते तेच.

फाउंड्रीच्या लॅबमध्ये एक यूटीएम आहे, म्हणजे धातूची कांडी दोन्ही टोकांना पकडून ती तुटेपर्यंत ओढणारं यंत्र. आमच्या मिरज-इचलकरंजीकडे अशी यंत्रं तयार होतात. ओतलेल्या बिडाची ताकद किती, हे त्या कांडीवरून ठरतं आणि तो आकडा कागदावर उमटल्याशिवाय माल गाडीत चढत नाही. ओढ मोजणाऱ्या सेन्सरची वायर त्या कार्डाला जाते, कार्ड तिचे आकडे करतं आणि डॉसवर चालणारा एक जुना प्रोग्रॅम त्यांचा आलेख काढतो. यंत्राचं लोखंड अजून पन्नास वर्षं हलणार नाही. बदलायचं म्हटलं तर सगळी कंट्रोल सिस्टिमच बदलायची, आणि त्याचा खर्च काही लाखांत. आण्णांचा निरोप त्यातून आलेला.

मी आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला तेव्हा वर्गात मुली दोनच होतो. टीव्ही गेले, मॉनिटर आले, मग मोबाइल आले. आता दुकानात निम्मं काम अशाच म्हाताऱ्या यंत्रांचं असतं. त्यामुळे “नवीन घ्या” हे वाक्य मी तसंही कमीच वापरते.

अडचण कुठे होती ते सांगते. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची कंगवी असते, ती मदरबोर्डावरच्या ज्या खाचेत बसते तिला स्लॉट म्हणतात. हे कार्ड आयएसए जातीचं होतं. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. त्यात पाच स्लॉट होते, प्रत्येकाला ६२ पाय. १९८४ मध्ये पीसी-एटी आला, तेव्हा त्याच खाचेपुढे ३६ पायांचा आणखी एक तुकडा जोडला गेला. एकूण ९८. आयबीएमने या स्लॉटची सगळी माहिती छापून उघड केली होती, त्यामुळे जगभरच्या लहानमोठ्या कारखान्यांनी त्यासाठी कार्डं केली. आवाजाची, नेटवर्कची, मोडेमची, आणि आण्णांच्या लॅबमधल्यासारखी मोजमापाचीही.

मग १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय आणला. आयएसए एका सेकंदाला साधारण ८० लाख ठोके घेतो, पीसीआय ३ कोटी ३० लाख. शिवाय एका ठोक्यात तो दुप्पट माल नेतो. काही वर्षं दोन्ही एकाच बोर्डावर नांदले. काळ्या लांब खाचा आयएसएच्या, पांढऱ्या आखूड पीसीआयच्या. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल या दोघांनी मिळून ‘पीसी ९९’ नावाची नियमावली काढली, तिच्यात आयएसए स्लॉट नकोत असं सांगितलं, आणि दोन-तीन वर्षांत काळी खाच घरगुती कॉम्प्युटरमधून दिसेनाशी झाली. आजच्या दुकानातला कुठलाही साधा बोर्ड आणा, आण्णांचं कार्ड त्यात बसायला जागा नाही.

माझ्या माळ्यावर मात्र अकरा बोर्ड पडून होते. एक सायबर कॅफे बंद पडला तेव्हा किलोच्या भावाने घेतलेले, पेंटियम थ्रीच्या जमान्यातले. त्यांतला एक काढून पुसला. एक तपकिरी स्लॉट, पाच पांढरे, आणि कडेला, जिथे काळा स्लॉट असायला हवा तिथे, नुसती ओळीने भोकं. पांढऱ्या शाईत स्लॉटची चौकटही छापलेली. स्लॉट तेवढा नाही.

आपल्याकडे एकमजली घर बांधताना खांबांच्या सळया गच्चीवर तशाच वर काढून ठेवतात. पुढे पोराचं लग्न झालं, पैसा आला, की वरचा मजला चढवायचा. पैसा नाही आला तर सळया गंजत उभ्या राहतात. बोर्डावरची ही मोकळी भोकं म्हणजे त्या सळया. कारखाना बोर्डाचा आराखडा एकदाच काढतो. रेषा टाकतो, भोकं पाडतो आणि मग गिऱ्हाईक बघून ठरवतो की यात स्लॉट बसवायचा की नाही. २००० च्या सुमाराला ज्या देशात, ज्या किमतीला जुनी कार्डं कुणी मागत नव्हतं, तिथे स्लॉट गाळला आणि तेवढे पैसे वाचवले. खालचं वायरिंग मात्र तसंच राहिलं.

तसंच राहिलं, हे मात्र गृहीत धरायचं नाही. सळया दिसतात म्हणून खाली पाया आहेच, असं नसतं.

पहिला प्रश्न चिपचा. स्लॉटच्या भाषेत बोलणारी चिप बोर्डावर हवी. इंटेलच्या ८१० आणि ८१५ मालिकेच्या जोडचिपमध्ये आयएसए उरलाच नव्हता. त्या बोर्डांवर मधे दुभाषा चिप नसेल तर कितीही सुबक सोल्डर मारा, स्लॉट मुकाच राहणार. माझ्या हातातल्या बोर्डावर व्हिया कंपनीची ६८६बी चिप होती, आणि ६८६बीला आयएसए येतो. त्या काळी दुकानादुकानांत हे बोर्ड असायचे, म्हणून नंबर पाठ आहे.

दुसरा प्रश्न रेषांचा. चिपला भाषा येते, पण तिच्यापासून भोकापर्यंत वाट आहे का? यासाठी सोल्डरिंग आयर्नला हात लावायच्या आधी मीटर घेतला. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवायचा, लाल काडी ग्राउंडला, काळी काडी एकेका भोकात. भोकातून चिपपर्यंत वाट असेल तर चिपच्या पोटातला डायोड एक आकडा दाखवतो. वाट नसेल तर मीटर काहीच दाखवत नाही. डेटाच्या आठ रेषा ए-२ ते ए-९ या भोकांवर असतात. ५१०, ५१४, ५११ असे जवळजवळचे आकडे येत गेले. पत्त्याच्या वीस रेषा त्यापुढे, ए-१२ ते ए-३१. त्याही जिवंत. बोर्ड पालथा केला की उजव्याचं डावं होतं, म्हणून पहिल्या भोकाशी मार्करने ठिपका दिला. या धंद्यात निम्म्या चुका आरशातल्या असतात.

तिसरा प्रश्न बारक्या भागांचा. स्लॉट गाळताना कारखान्याने त्याच्या भोवतीचे तिळाएवढे रेझिस्टर आणि कपॅसिटरही गाळलेले असू शकतात. त्यांतला एक फार महत्त्वाचा. ए-१० या पायावर एक रेषा आहे, तिच्यावरून कार्ड कॉम्प्युटरला “थांब, माझं झालं नाही” असं सांगतं. कार्ड ती रेषा खाली ओढतं तोवर कॉम्प्युटर थांबतो, सोडली की पुढे जातो. सोडल्यावर ती आपोआप वर जावी म्हणून ५ व्होल्टला बांधलेला एक रेझिस्टर लागतो. तो नसेल तर रेषा अधांतरी लोंबकळते आणि कॉम्प्युटर कुणीही न सांगता थांबून राहतो. माझ्या बोर्डावर तो होता. मीटरने हजार ओहमच्या आसपास दाखवलं. दोन कपॅसिटर मात्र नव्हते. ते ‘१०४’ छापाचे साधे सिरॅमिक, डब्यातून काढून लावले.

आता भोकं. मोकळी म्हटली तरी ती मोकळी नव्हती. कारखान्यात बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून सरकवतात. ज्या भोकात पाय असतो तिथे पाय चिकटतो, ज्यात काही नसतं ते भोक नुसतंच भरून जातं. अशी ९८ भोकं, एकमेकांपासून अडीच मिलिमीटरवर, सगळी कथलाने बुजलेली.

गुजरीतले सोनार ज्याला डाख म्हणतात त्याच कुळातलं आमचं सोल्डर. कथील आणि शिसं ६३ ला ३७ या प्रमाणात मिसळलं की ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं, मधली भाताच्या पेजेसारखी अवस्था त्यात नसते. २००६ मध्ये युरोपने शिशावर बंदी आणल्यावर नव्या बोर्डांवर बिनशिशाचं सोल्डर आलं. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं आणि काढायला जास्त छळतं. माझा बोर्ड त्याच्या आधीचा, ते एक बरं होतं. तरी शिसं ते शिसंच. काम करताना पंखा धूर बाहेर ओढेल असा ठेवायचा आणि हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही, हे मी शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी सांगते.

भोक साफ करायची रीत ऐकायला उलटी वाटेल. आधी त्यात थोडं नवीन सोल्डर घालायचं. जुनं सोल्डर मळलेलं, सुकलेलं असतं. ताज्या सोल्डरबरोबर फ्लक्स जातो आणि सगळं पुन्हा पाण्यासारखं होतं. मग एका बाजूने आयर्न आणि दुसऱ्या बाजूने सकर धरायचा. सकर म्हणजे स्प्रिंगचा पंप, बटण दाबलं की ‘टॉक’ करून वितळलेलं सोल्डर ओढून घेतो. बोर्ड उभा धरून पलीकडचा उजेड भोकातून दिसला, की ते भोक झालं. नव्वदएक भोकं अशी दुपारभरात निघाली.

राहिली ती ग्राउंडची आणि ५ व्होल्टची. बोर्ड वरून एक पाटी दिसतो, पण त्यात तांब्याचे चार थर असतात. मधले दोन म्हणजे जवळजवळ अखंड पत्रे, एक ग्राउंडचा आणि एक विजेचा. त्या पत्र्याला जोडलेल्या भोकावर आयर्न ठेवलं की उष्णता भोकात थांबतच नाही, पत्र्यात पसरते. बंबातलं सगळं पाणी तापल्याशिवाय तोटीला कढत येत नाही, तसं. इथे माणूस वैतागतो. आयर्न दाबतो, तापमान वाढवतो, घासतो.

मीही एकदा तसंच केलं होतं. खूप वर्षांपूर्वी, एका गिऱ्हाइकाच्या बोर्डावर. भोकाच्या आत तांब्याची अगदी पातळ नळी असते, तीच वरच्या थराला आतल्या थरांशी जोडते. मी अर्धवट वितळलेलं सोल्डर ओढलं आणि त्याच्याबरोबर नळीही आली. पंपाच्या तोंडात ती चमकताना बघून पोटात गोळा आला. बोर्ड भरून द्यावा लागला, आणि तो पैसा तेव्हा घरभाड्याचा होता.

म्हणून आता त्या भोकांसाठी आधी बोर्डच तापवते. मोबाइलवाले वापरतात तो ब्लोअर खालून, लांबून, पाचेक मिनिटं फिरवत ठेवायचा. हात टेकवला तर चटका बसेल इतपत बोर्ड गरम झाला, की मग चपट्या टोकाचं आयर्न. सुईसारखं बारीक टोक इथे कामाचं नाही, त्याच्या अंगात उष्णता मावत नाही. तापलेल्या बोर्डावर तीच हट्टी भोकं दोन-तीन सेकंदांत सुटली.

स्लॉट आणला एका मेलेल्या पेंटियम बोर्डावरून. काढताना तोच ब्लोअर, पण प्लॅस्टिकला झळ बसू न देता. पहिला स्लॉट मी केळीसारखा वाकवला, दुसरा सरळ निघाला. ९८ पाय चिमट्याने एकेक करून ओळीत आणले. एकही पाय वाकडा असला तर स्लॉट बसत नाही, आणि जोर केला तर तो पाय आत दुमडून कायमचा हरवतो. स्लॉट टेकवल्यावर आधी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक पाय पकडला. तो बोर्डाला चिकटून सरळ बसलाय हे बाजूने वाकून बघितलं, मगच उरलेले शहाण्णव. सोल्डर बेताचं. जास्त झालं तर ते भोकातून पलीकडे, स्लॉटच्या पोटाखाली उतरतं आणि दोन पायांना जोडतं. तिथे ना नजर पोचते ना आयर्न. शेवटी स्पिरिटने फ्लक्स धुतला आणि शेजारशेजारचे पाय एकमेकांना चिकटलेले नाहीत ना, हे मीटरने सगळीकडे पाहिलं.

माझा भाचा शेजारी बसून बघत होता. त्याने विचारलं, “मावशी, मग पीसीआयचाही असाच एखादा वाढवता येईल?” त्याचं उत्तर जरा लांब आहे. आयएसएचे सगळे स्लॉट एकाच रस्त्यावरची घरं. त्याच तारा एका स्लॉटवरून दुसऱ्यावर जातात, आणि कुणाला हाक मारली ते कार्ड स्वतः ओळखतं. म्हणून त्याच्यावर बटणं असतात, पत्ता हाताने लावायचा. पीसीआयमध्ये प्रत्येक स्लॉटला स्वतंत्र घड्याळाची रेषा, बोलायची परवानगी मागायची स्वतंत्र रेषा आणि ओळख पटवायची स्वतंत्र रेषा लागते. त्या तारा टाकलेल्या असल्या तरी बायोसला, म्हणजे बोर्डातच भरलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, तो स्लॉट माहीत असावा लागतो. पाय चिकटवले म्हणजे झालं, असं तिथे नाही.

नव्या स्लॉटमध्ये गिऱ्हाइकाचं कार्ड आधी कधी घालायचं नाही. मी मोडीतलं नेटवर्क कार्ड घातलं. कॉम्प्युटर उठला, कार्ड सापडलं. मग आण्णांचं कार्ड. त्याच्यावरच्या बटणांनी पत्ता ३०० आणि इंटरप्ट, म्हणजे कार्डाने कॉम्प्युटरला हाक मारायची रेषा, ५ लावलेला होता. बायोसमध्ये जाऊन इंटरप्ट ५ जुन्या कार्डासाठी राखून ठेवला आणि त्याच इंटरप्टवर डोळा असलेला बोर्डावरचा आवाज बंद केला. जुन्या डिस्कची नक्कल आधीच काढून ठेवली होती. प्रोग्रॅम सुरू झाला, निळ्या पडद्यावर चौकटी आल्या. भाच्याने टाळी वाजवली.

आणि आकडा ४०९५ वर चिकटला. सेन्सरऐवजी मी लहान व्होल्टेज देऊन बघत होते. कमी करा, जास्त करा, वायर काढून टाका, पडद्यावर ४०९५. बारा बिटांच्या मोजणीत ४०९५ म्हणजे कमाल. कार्डाला सगळं भरून वाहतंय असंच दिसत होतं.

साहजिकच माझा संशय माझ्याच हातावर. दोन तास एकेक पाय पुन्हा तपासला. सगळे ठीक. रात्री नऊ वाजता दुकान बंद करता करता जुन्या डब्यातल्या पॉवर सप्लायकडे लक्ष गेलं. त्याच्या वायरींच्या जुडग्यात एक पांढरी वायर होती. मी जोडलेल्या नव्या सप्लायच्या जुडग्यात पांढरी नव्हती.

पांढरी वायर म्हणजे उणे ५ व्होल्ट. १९८१ च्या पहिल्या पीसीतल्या मेमरी चिपना ते लागायचे, म्हणून स्लॉटच्या बी-५ पायावर ते आले आणि रूढी म्हणून राहिले. पुढे मेमरी बदलली, उणे ५ कुणालाच लागेनासे झाले, आणि २००३ नंतरच्या सप्लायमधून ती वायर काढून टाकली गेली. आण्णांच्या कार्डातल्या मोजणीच्या भागाला मात्र ते लागत होते. बी-५ वर मीटर लावला. शून्य. कार्डाचा तराजू एकाच पारड्यावर उभा होता.

उपाय लहान होता. सप्लायमध्ये उणे १२ ची निळी वायर अजून असते. तिच्यावरून ७९०५ नावाच्या तीन पायांच्या रेग्युलेटरने उणे ५ करायचे आणि बोर्डाच्या वीस पायांच्या प्लगमध्ये १८ नंबरच्या रिकाम्या जागी द्यायचे. दोन छोटे कपॅसिटर जोडीला. यात एक सापळा आहे. आपण रोज वापरतो त्या ७८०५ ची धातूची पाठ ग्राउंडला असते, ७९०५ ची पाठ थेट उणे १२ ला. सवयीने तो कॅबिनेटच्या पत्र्याला स्क्रूने आवळला, की धूर. मधे अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा वॉशर घातला.

सकाळी बटण दाबलं. आकडा १२ वर होता आणि मी व्होल्टेज वाढवलं तसा चढत गेला.

रविवारी डबा घेऊन मीच शिरोलीला गेले. लॅबच्या पोराने आधी प्रूव्हिंग रिंग लावून आकडे खरे येतात का ते पडताळलं. मग वीस मिलिमीटर व्यासाची बिडाची कांडी जबड्यात धरली. एफजी २६० म्हणजे चौरस मिलिमीटरला निदान २६० न्यूटन सोसणारं बीड, या कांडीला जवळपास ८२ किलोन्यूटन, आठ टनांहून जास्त ओढ. पडद्यावर रेघ चढत गेली. बीड लांबत नाही, इशारा देत नाही. काड्कन आवाज झाला, मी दचकले, पोरगा नाही. ८५.१ किलोन्यूटन. म्हणजे २७१.

आण्णांनी तुटलेली कांडी बघितली, पडदा बघितला, मग डब्याच्या आत वाकून बघितलं. “यातला नवा कुठला?” त्यांनी विचारलं. मी काळ्या स्लॉटवर बोट ठेवलं. “हा पण जुनाच दिसतोय की,” ते म्हणाले आणि चहा सांगितला.

परत आल्यावर माळ्यावरचे उरलेले दहा बोर्ड खाली काढले. तिघांवर तशीच भोकांची ओळ होती. त्यांतल्या दोघांवर आयएसए येणारी चिप सापडली, तिसऱ्यावर नाही. दोघांना दोरा बांधून चिठ्ठी लावली, “जागा आहे.” तिसरा भंगारात टाकला.